थरारकथा लिहिणाऱ्यांची संघटना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रहस्यकथा, गुन्हेकथा, थरारकथा लिहिणाऱ्यांची व्यावसायिक संघटना काढायचं चाललं की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न संघटना काढणाऱ्यांचे आहेत, बरेचसे लिहिणाऱ्यांचे. कायद्याची कलमं दिली आहेत ती वकिलाशी नेमकं बोलता यावं म्हणून, वकिलाऐवजी वापरायला नाही.

टिळक रस्त्यावर साहित्य परिषद आहे. मग ही वेगळी चूल कशाला?

महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून सगळ्या मराठी साहित्याचं काम बघते. थरारकथेच्या लेखकाच्या अडचणी मात्र एका वेगळ्याच कोपऱ्यातल्या असतात. त्याला पंचनामा कोण लिहितो ते हवं असतं, विष व्हिसेऱ्यात (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांत) सापडेल का ते हवं असतं, आणि पुस्तक यायच्या आधीच कोणीतरी ‘वेब सिरीजचे हक्क’ मागत असतं. अमेरिकेत रहस्यकथा लेखकांची संघटना १९४५ मध्ये झाली, ब्रिटनमध्ये गुन्हेकथा लेखकांची १९५३ मध्ये आणि खास थरारकथाकारांची आंतरराष्ट्रीय संघटना २००४ मध्ये. अमेरिकनांचं घोषवाक्यच ‘गुन्ह्यातून पुरेसे पैसे सुटत नाहीत’ अशा अर्थाचं आहे. थट्टा असली तरी संघटना कशासाठी हवी ते त्यात आलं.

या संघटना पुरस्कारांसाठी ओळखल्या जातात, म्हणून आपल्याकडेही पहिल्याच बैठकीत पुरस्काराचा विषय निघतो. आमचं मत स्पष्ट आहे : पहिली तीन वर्षं पुरस्कार नको. परीक्षक कोण यावरून संघटना फुटते, आणि करार वाचून द्यायचं खरं काम तसंच पडून राहतं.

सभासद कोणाला करायचं? भयकथा लिहिणारे चालतील का?

चालतील. रहस्यकथेत ‘कोणी केलं’ हा प्रश्न असतो, थरारकथेत ‘वेळेत थांबवता येईल का’ हा. भयकथेचा प्रश्न आणखी वेगळा. पण तिघांचा प्रकाशक तोच आणि करारही तोच. सीमारेषेवरून वाद घालण्यात एक रविवार फुकट जातो.

‘प्रकाशित लेखक’ म्हणजे कोण, हे मात्र नियमावलीत आकड्यात लिहा. उदाहरणार्थ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असलेलं एक पुस्तक किंवा मानधन मिळालेल्या तीन कथा. मताचा अधिकार त्यांना, आणि लिहिते पण अप्रकाशित असलेले सहसभासद. ही व्याख्या तोंडी ठेवली की पहिल्या निवडणुकीत भांडण ठरलेलंच.

नोंदणी कशी करायची?

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात तेवढ्यावर भागत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. घटना आणि नियमावली, सातही जणांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे, ठराव, आणि कार्यालयाच्या जागेच्या मालकाचं ना हरकत पत्र जोडायचं. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा दोन गोष्टींवर. एक, नाव आधीच्या संस्थेशी मिळतंजुळतं निघतं, म्हणून तीन-चार नावं तयार ठेवा. दुसरी, ना हरकत पत्रावरचा पत्ता वीजबिलावरच्या पत्त्याशी जुळत नाही. पेठेतल्या वाड्यांच्या बाबतीत हे फार होतं, कारण बिल आजोबांच्या नावावर असतं.

पुढे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, द्यायचा. बहुतेक छोट्या संस्था हे विसरतात. मग बँकेत सह्या बदलायची वेळ आली की कागदावर पाच वर्षांपूर्वीचेच पदाधिकारी निघतात. दरवर्षी हिशोब तपासून घेणंही आलंच.

नोंदणीची घाई मात्र नको. सहा महिने नुसता गट म्हणून काम करा. सहा महिन्यांनी दर बैठकीला दहा माणसं येत असतील तर कागदपत्रांच्या मागे लागा.

प्रकाशकाचा करार आला आहे. संघटनेने त्यात काय बघायचं?

अशा संघटनेचं सगळ्यात मोलाचं काम हेच. सही व्हायच्या आधी दोन जाणत्या सभासदांनी करार वाचून लेखी टिपण द्यायचं, आणि तेही आठ दिवसांत. सही झाल्यावर आलेल्या कराराचं फार काही करता येत नाही.

नेहमी दिसणारं वाक्य असं असतं : ‘सदर साहित्यकृतीचे सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, सर्व काळासाठीचे हक्क लेखक प्रकाशकास देत आहे.’ एका ओळीत अनुवाद, ऑडिओ, ई-बुक, नाटक, चित्रपट सगळं गेलं. त्याऐवजी लिहून घ्यायचं ते असं : ‘मराठी भाषेतील छापील आवृत्तीचे हक्क, भारतापुरते, पहिल्या आवृत्तीच्या तारखेपासून पाच वर्षांसाठी. इतर सर्व हक्क लेखकाकडे राहतील.’ प्रकाशकाला ई-बुक हवं असेल तर ते वेगळ्या ओळीत, वेगळ्या टक्केवारीने.

कॉपीराइट कायदा, १९५७ इथे लेखकाच्या बाजूने बराच बोलतो, फक्त तो कोणी वाचत नाही. कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. करार झाला त्या वेळी जे माध्यम चलनातच नव्हतं, ते करारात नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर ते त्यात धरलं जात नाही. जुन्या पॉकेटबुकांच्या लेखकांच्या वारसांनी हे जरूर तपासावं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतात.

मग पैसे. रॉयल्टी दहा टक्के म्हणजे कशाच्या दहा टक्के, हे वाक्य शोधा. ३०० रुपयांच्या पुस्तकावर छापील किमतीच्या दहा टक्के म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. ‘निव्वळ प्राप्ती’च्या दहा टक्के असेल आणि विक्रेत्याला ५० टक्के सूट गेली असेल, तर हाती १५ रुपये. टक्केवारी तीच, रक्कम निम्मी. यासोबत विक्रीचा हिशोब वर्षातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यात मिळणार, आवृत्ती किती प्रतींची, आणि पुस्तक संपून वर्ष झालं तरी नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क परत येणार का, या तीन गोष्टी नसतील तर त्या घालायला सांगा. अप्पा बळवंत चौकातले बहुतेक प्रकाशक विचारलं तर घालतात. लेखक विचारायला लाजतो, खरी अडचण तीच.

कल्पना चोरीला जाईल म्हणून मी कोणाला कथा दाखवत नाही. नोंदणी करू का?

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. ‘लोणावळ्याच्या बंगल्यात अडकलेले सात जण आणि त्यातला एक खुनी’ ही कल्पना कोणाचीच नाही. तुम्ही ती ज्या प्रसंगांनी, पात्रांनी, शब्दांनी मांडलीत ती मांडणी तुमची.

मांडणीवरचा हक्क लिहिल्या क्षणापासून आपोआप असतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने हस्तलिखित पाठवून पाकीट न फोडता ठेवायची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. तिच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा मसुद्यांच्या तारीखवार फाइली आणि ज्यांना पाठवलं त्यांचे ईमेल जपून ठेवा.

निर्मात्याचा फोन आला. आता?

फोनवर गोष्ट सांगू नका. दोन पानी सारांश ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते. पटकथा लिहिणार असाल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन तिथे संहिता नोंदवता येते. ते काम पुण्याच्या संघटनेने नव्याने करायची गरज नाही.

निर्माता बहुधा आधी ‘ऑप्शन’ मागतो, म्हणजे ठरावीक काळ गोष्ट दुसऱ्याला न देण्याचं वचन. त्याला पैसे घ्या, मुदत १२ ते १८ महिन्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि मुदतवाढ फुकट नको. थरारकथेला यात एक खास कलम लागतं : पात्राचे हक्क. तुमचा तपास अधिकारी पुढच्या चार पुस्तकांत येणार असेल, तर चित्रपटाला एका कथेचे हक्क द्या, त्या माणसाचे नाही.

दिवाळी अंकाला कथा दिली तर पुढे पुस्तकात घेता येते?

येते, जर तुम्ही फक्त प्रथम प्रसिद्धीचा हक्क दिला असेल. कथेसोबतच्या पत्रात ही एक ओळ लिहा. बरेच संपादक पावसाळ्यातच कथा मागतात, त्यामुळे गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षासाठीच समजा.

पोलिसी तपशिलात सगळ्यात जास्त काय चुकतं?

पहिली चूक टीव्हीवरच्या हिंदीची. महाराष्ट्रात थानेदार किंवा दरोगा नसतो. शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक म्हणजे पीएसआय, सहायक निरीक्षक म्हणजे एपीआय, मग निरीक्षक, असा क्रम. त्याच्या वर शहरात सहायक आयुक्त आणि उपायुक्त म्हणजे डीसीपी, ग्रामीणला उपअधीक्षक आणि अधीक्षक. ग्रामीण पोलिसांत ‘डीसीपी’ आणलात की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

दुसरी चूक हद्दीची. हिंजवडीत खून झाला तर पुणे शहर पोलीस येत नाहीत. ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे आणि हिंजवडी त्यात येते. आणखी पुढे मुळशीच्या गावात गेलात तर पौड पोलीस ठाणं, म्हणजे पुणे ग्रामीण. प्रेत रेल्वे स्थानकाच्या हद्दीत सापडलं तर लोहमार्ग पोलीस. मृतदेह पाचशे फूट सरकवला तर तपास अधिकारीच बदलतो. कथानकासाठी याहून फुकटचा माल मिळणार नाही, पण लेखक तो वापरत नाहीत. राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात असलं तरी प्रत्येक खुनाला ते धावत येत नाहीत. तपास ठाण्याकडे आणि गुन्हे शाखेकडे असतो.

तिसरी चूक कलमांची. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खून आता कलम १०३, खुनाचा प्रयत्न १०९, फसवणूक ३१८. ‘तीनशे दोन’ हा शब्द बोलण्यात राहिला आहे, आणि पात्रांच्या तोंडी तो चालेल. फिर्यादीच्या कागदावर चालणार नाही. अपवाद एकच : गुन्हा त्या तारखेच्या आधी घडला असेल तर जुनंच कलम लागतं. २०१९ ची गोष्ट लिहीत असाल तर ३०२ च लिहा.

चौथी चूक कबुलीजबाबाची. शेवटच्या प्रकरणात आरोपी पोलिसांसमोर सगळं ओकतो आणि खटला संपतो, असं होत नाही. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, म्हणजे आरोपीने सांगितल्यावर मुठा कालव्यातून कोयता निघाला, तर तेवढाच भाग चालतो. म्हणून लेखकाने कबुलीपेक्षा कोयत्याच्या पंचनाम्यावर जास्त पानं खर्च करावीत. तिथले दोन पंच कोण, त्यातला एक नंतर फितूर झाला तर काय, खरा थरार त्यात आहे. नार्को चाचणीही संमतीशिवाय करता येत नाही, असा २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंत, पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, ती सलगच घ्यावी लागते असं नाही. तुकड्यांत मागता येते. खुनाच्या प्रकरणात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपी जामिनाचा हक्कदार ठरतो. ८८ वा दिवस हा थरारकथेचा उत्तम दिवस आहे.

आणि डॉक्टरी बाजू?

इथे चुका वेळेच्या. समजा, सदाशिव पेठेतल्या वाड्यात मे महिन्याच्या दुपारी दोनला प्रेत सापडलं आणि डॉक्टर बघताक्षणी म्हणाले, ‘मृत्यू रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी.’ कोणताही डॉक्टर असं बोलणार नाही. तो तासांची पट्टी देतो. मरणोत्तर ताठरपणा साधारण एक-दोन तासांनी पापण्या आणि जबड्यापासून दिसू लागतो, बारा तासांच्या सुमारास सर्व शरीरात पसरतो आणि मग त्याच क्रमाने उतरतो. आपल्या हवेत तो हिवाळ्यात २४ ते ४८ तास आणि उन्हाळ्यात १८ ते ३६ तास टिकतो असं पाठ्यपुस्तकं सांगतात. मे आणि डिसेंबर यांत एवढा फरक पडतो, म्हणून महिना आधी ठरवा आणि मग अॅलिबी (गुन्ह्याच्या वेळी आरोपी दुसरीकडे होता हा बचाव) बांधा.

विषाची कथा असेल तर व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मालिनमध्ये नाही, कारण फॉर्मालिनमुळे विष शोधणं अवघड होतं. हाच फरक कोणी मुद्दाम केला तर ते कथानक होतं; लेखकाने नकळत केला तर ती चूक. अहवाल गणेशखिंडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतून यायला बराच काळ जातो, त्याच संध्याकाळी फोन येत नाही. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच कोणी कोसळत नाही, काही मिनिटं जातात. सायलेन्सर लावलेली बंदूक ‘फुस्स’ करत नाही. आवाज कमी होतो, तरी शेजारी जागे होतील इतका उरतो. रिव्हॉल्व्हरला तर तो बहुधा निरुपयोगीच, कारण आवाज सिलिंडरच्या फटीतून बाहेर येतो.

ही माहिती विचारायला कोणाकडे जायचं?

संघटनेने निवृत्त अधिकारी, न्यायवैद्यक शिकवणारे डॉक्टर आणि फौजदारी वकील यांची छोटी यादी ठेवावी, आणि प्रश्न संघटनेमार्फतच जावेत. लेखकाने थेट ठाण्यात जाऊन ‘खून करून सुटायचं कसं’ विचारलं तर पुढची दुपार तिथेच जाईल. प्रश्न लेखी, एका वेळी पाचच, आणि प्रसंग सांगून : ‘विश्रामबाग हद्दीत रात्री दोनला फोन आला, तर ठाणे अंमलदार पहिली नोंद कशात करतो?’ याला दहा ओळींचं उत्तर येतं. ‘पोलीस तपास कसा करतात?’ याला उत्तर येत नाही.

दाखल झालेले बरेचसे एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात, संवेदनशील गुन्हे वगळून. भाषेसाठी ते सोनं आहे. ‘सदर इसमाने’, ‘माझी कायदेशीर तक्रार आहे’ ही लय कानात बसेपर्यंत वीसेक तरी वाचा.

खऱ्या गुन्ह्यावर कादंबरी लिहिली तर?

नुसती नावं बदलून भागत नाही. गल्ली, धंदा आणि तारीख तीच ठेवली की माणूस ओळखू येतो आणि अब्रुनुकसानीचा दावा लागू शकतो. न्यायालयाच्या नोंदीत आलेलं वापरताना धोका कमी, ऐकीव गोष्टींत जास्त. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीतही तशीच बंदी आहे. अशा हस्तलिखिताचं वाचन प्रकाशकाच्या नव्हे तर लेखकाच्या वकिलाने करावं, कारण बहुतेक करारांत ‘कायदेशीर जबाबदारी लेखकाची’ अशी ओळ असतेच.

पैसे देऊन पुस्तक काढावं का?

काढा, पण त्याला प्रकाशन नव्हे तर छपाई समजा. प्रती किती, त्या कोणाच्या मालकीच्या, आणि हक्क तुमच्याकडेच राहणार का, एवढं लिहून घ्या. आयएसबीएन भारतात सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तिथूनच मागे फिरा. छपाई सोळा पानांच्या फॉर्ममध्ये होते, म्हणून २२६ पानांचं पुस्तक २२४ मध्ये बसवलं तर अख्खा एक फॉर्म वाचतो. शेवटच्या प्रकरणातला एखादा उपदेशाचा परिच्छेद काढला की तेवढं जमतं, आणि पुस्तकही सुधारतं.

रॉयल्टीवर कर?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ८०क्यूक्यूबी या कलमाखाली जुन्या करपद्धतीत लेखकाला तीन लाखांपर्यंत वजावट होती. नव्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत. तुमच्या वर्षाला काय लागू आहे ते सीएला विचारा.

संघटनेचे वाचनगट कसे चालवायचे?

सहा जण, महिन्यातून एकदा, दोन तास. मजकूर तीन हजार शब्दांपेक्षा जास्त नको आणि तो आठ दिवस आधी पोचलेला हवा. लेखकाने बैठकीत वाचून दाखवायचं नाही, कारण आवाजाने कच्च्या जागा झाकल्या जातात. पहिला पाऊण तास लेखक गप्प. ‘माझ्या मनात असं होतं की’ अशी सुरुवात झाली की थांबवायचं, कारण पुस्तकासोबत लेखक कोणाच्या घरी जात नाही.

साध्या कथेला हे पुरतं, रहस्याला आणखी एक गोष्ट लागते. प्रत्येक वाचकाने प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एका चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि कारण लिहायचं, चिठ्ठी घडी करून ठेवायची, आणि पूर्ण हस्तलिखित संपल्यावरच सगळ्या उघडायच्या. चौथ्या प्रकरणातच सहापैकी पाच चिठ्ठ्यांवर खऱ्या खुन्याचं नाव असेल तर तुम्ही धागा फार लवकर दाखवलात. शेवटपर्यंत एकाही चिठ्ठीवर नसेल तर ते कौतुक समजू नका. बहुतेक वेळा धागा दिलेलाच नसतो आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. शेवटच्या दोन प्रकरणांत एक-दोघांना नाव सुचलं आणि त्यांनी दिलेलं कारण मात्र चुकलं, तर हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवायला हरकत नाही. चिठ्ठ्या लेखकाला देऊन टाका. दुसऱ्या मसुद्याला त्या लागतात.